गिरणगावची खाणावळ

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाची गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी त्या गिरणीचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत धुराड्यांची दाटी होऊन गिरणगाव उभे राहिले आणि कोकणातून व घाटावरून हजारो तरुण या शहरात चाकरीसाठी येऊन राहिले. बायकामुले शेताच्या राखणीला गावी, आणि इकडे चाळीतल्या एकाच गाळ्यात पुष्कळ गडी दिवसपाळी-रातपाळीच्या हिशेबाने आळीपाळीने निजणारे, अशा संसारात चूल मांडायला ना जागा होती ना सवड. परमुलखात आलेल्या या माणसांच्या उदरभरणाचा जिम्मा ज्या संस्थेने उचलला, ती खाणावळ.

ही खाणावळ म्हणजे बहुधा त्याच चाळीतल्या एखाद्या कामगाराच्या पत्नीचे किंवा विधवेचे दहा बाय दहाचे बिऱ्हाड असे. भाकरी किंवा चपाती, एखादी उसळ वा पालेभाजी, आमटी, भात, आणि कोकण्यांकडे वारानुसार मासळी, एवढाच तिथला पदार्थविस्तार. परंतु ते अन्न त्या त्या वेळी रांधलेले, ऋतूप्रमाणे बदलणारे आणि जेवणाऱ्याच्या गावच्या चवीचे असे. आहारशास्त्राची परिभाषा त्या बाईला अवगत नव्हती. पण जो माणूस आज तिच्यासमोर पाटावर बसला, तोच उद्या आणि महिनाभर बसणार होता, आणि त्याचे पोट बिघडले तर त्याचा खाडा होऊन पगार, म्हणजे तिचेच येणे, बुडणार होते. भोजन करणारा आणि भोजन घालणारी यांचे हित असे एकत्र गुंतलेले असल्यामुळे त्या ताटाच्या शुद्धतेला वेगळ्या जामिनाची गरज पडली नाही.

मात्र या व्यवस्थेचे एक अंग क्लेशदायक होते. खाणावळीचे पैसे मिळत ते पगार झाल्यावर, आणि वाणसामान तर रोज लागे. म्हणून ते उधारीवर किंवा सावकाराच्या जबर व्याजाने आणावे लागे. उधारीच्या गिऱ्हाइकाला धान्य पारखून घेण्याचा अधिकार राहत नाही. वाणी जे देईल ते मुकाट्याने उचलावे लागे, आणि पंधरा-वीस जणांच्या प्रकृतीची जोखीम वाहणाऱ्या त्या अन्नदात्रीच्या स्वतःच्या वाट्याला पुष्कळदा खरवड तेवढी उरे. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी हे दुःख ओळखून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्यांच्यापाशी तारण ठेवायला काही नव्हते, अशा खाणावळवाल्यांना एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून देण्याचे थोर कार्य या मंडळाने केले. रोख पैसा हाती आल्यावर दुकान निवडता येते, आणि दुकान निवडता आले म्हणजे ताट सुधारते, हा या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा होय.

१९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या प्रदीर्घ संपानंतर गिरण्यांबरोबर अनेक खाणावळींचेही दिवस संपले. आज उपाहारगृहात बसलेला सुजाण माणूस तेल, मीठ आणि साखर यांचे प्रमाण विचारतो, ते योग्यच आहे. परंतु त्याने आणखीही दोन गोष्टी विचाराव्यात: आपण उद्या पुन्हा येऊ की नाही याची इथे कोणाला पर्वा आहे काय, आणि जे हात हे अन्न शिजवतात त्यांना वेळेवर पगार व पोटभर जेवण मिळते काय. ज्या स्वयंपाकघरात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी येईल, तिथला साधा वरण-भातही आरोग्याला हितकारक ठरेल, असा माझा दृढ विश्वास आहे.