फोटोतला उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रंग : कुठला स्लायडर नेमकं काय करतो?

गेल्या वर्षी आजी गेली तेव्हा फ्रेम करायला तिचा एकच बरा फोटो सापडला. खिडकीकडे पाठ करून बसलेली, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. एका स्टुडिओने तो 'साफ' करून दिला. चेहरा गोरापान, कपाळावरचं गोंदण गायब. आत्या म्हणाली, "ही आई नाही रे." मग मूळ फाइल घेऊन मीच स्नॅपसीड उघडलं.

आधी फाइलबद्दल. जेपीजी फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 मधला. सगळे स्लायडर शेवटी हेच आकडे बदलतात. आजीमागची खिडकी तिन्ही रंगांत 255 ला टेकली होती. तिथला तपशील नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे हायलाइट्स कितीही कमी केलं तरी पांढऱ्याचं राखाडी होतं, बाहेरचं झाड काही दिसत नाही. चेहरा मात्र काळा दिसला तरी शून्यावर नव्हता. म्हणजे तिथे माहिती होती!

इथे बहुतेक जण ब्राइटनेस वाढवतात. पण तो सगळ्याच फोटोला उजळवतो. चेहरा दिसेपर्यंत शेजारची भिंतही जळते. शॅडोज हा स्लायडर मुख्यतः गडद भाग उचलतो, म्हणून मी तोच वापरला. स्नॅपसीडमध्ये तो 'ट्यून इमेज'मध्ये आहे. शेवटपर्यंत ओढू नका, अंधारातले रंगीत दाणे, म्हणजे नॉइज, वर येतात. मी साधारण निम्म्यावर थांबलो.

शॅडोज उचलल्यावर फोटो धुरकट दिसतो, कारण गडद आणि उजळ यांतलं अंतर कमी झालेलं असतं. कॉन्ट्रास्ट ते अंतर परत वाढवतो : मधल्यापेक्षा गडद ते आणखी गडद, उजळ ते आणखी उजळ. तो जास्त झाला की सुरकुत्या ओरखड्यांसारख्या दिसतात. हिस्टोग्रामवर लक्ष ठेवा. आलेख डाव्या किंवा उजव्या भिंतीला चिकटून उंच झाला, की तिथला तपशील जातोय असं समजा.

आता रंग, आणि स्टुडिओवाल्याची खरी चूक इथेच होती. आजीच्या चेहऱ्यावर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड होता. अशा वेळी सॅच्युरेशनला हात लावण्याआधी व्हाइट बॅलन्स नीट करायचा. टेम्परेचर निळा-पिवळा तोल सांभाळतो, टिंट हिरवा-गुलाबी. स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपर आहे. तो फोटोतल्या मुळात पांढऱ्या किंवा राखाडी असलेल्या जागेवर ठेवायचा. जागा 255 ला टेकलेली नको आणि उजेडही चेहऱ्यावरचाच हवा. मी खिडकी सोडून तिच्या बाजूची चुन्याची भिंत निवडली. हिरवट झाक गेली आणि तिचा सावळा रंग परत आला. गोंदण तेवढं हिरवं राहिलं, ते तसंच असायला हवं होतं.

सॅच्युरेशन सगळेच रंग भडक करतं, त्यात त्वचा केशरी होते. लाइटरूममध्ये व्हायब्रन्स मिळतो. तो फिक्या रंगांना जास्त उचलतो आणि त्वचेच्या रंगाला सांभाळून घेतो. माणसांच्या फोटोला मी तोच वापरतो. स्किन स्मूदिंग? आजी-आजोबांच्या फोटोला तर अजिबात नको.

एक गोष्ट मला उशिरा कळली. फोनचा डिस्प्ले 'व्हिव्हिड' मोडवर आणि नाइट लाइट चालू असेल, तर तुम्ही चुकीच्याच रंगांवर मेहनत घेताय. आधी 'नॅचरल' मोड लावा, नाइट लाइट बंद करा. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. आणि एडिट कायम कॉपीवर करा, कारण जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर्जा उतरत जातो.

प्रिंटला देताना 'ऑटो करेक्शन करू नका' असं स्पष्ट सांगा. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद नाही, त्यामुळे प्रिंट गडद वाटतो. आमचाही पहिला तसाच आला. थोडा एक्स्पोजर वाढवून दुसरा काढला, तो आत्याने नेला.