वहिनींच्या पाटल्या आणि बार्नी रूस

घोड्यांशी माझा संबंध वरातीपुरता. तोही घोडा भाड्याचा आणि माझ्याहून दमलेला. म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी मेव्हण्यानं बँकेच्या काउंटरवर पाटल्यांची जोडी ठेवून "दाजी, जीपचे घोडे वाढवायचेत" असं सांगितलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसला.

पाटल्या वहिनींच्या. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. ज्यांनी संसार केलाय त्यांना या न बोलण्याचा आवाज माहीत असेल.

मेव्हण्यानं सिद्धेश्वर धरणाचे मासे हिंगोलीला पोचवायचा धंदा धरला होता. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. दोन्ही धरणं १९६८ सालची. त्या वेळी हा मुलूख परभणीत होता, हिंगोली जिल्हा झाला १९९९ मध्ये. जीप तिसऱ्या हातातली, पेट्रोलची, उंच बॉनेटची. रिकामी असली की वारा! माशांची खोकी भरली की मात्र काठाचा चढ पाहून तिथंच बसकण मारायची.

"मिस्त्री म्हणतो चाळीस साइज बोअर मारू, डोंगर ओढंल."

कर्ज देणारा माणूस संशयी असतो. मी चौकशी सुरू केली, आणि ती थेट अमेरिकेत पोचली.

तिथं विलीस नावाची मोटारकंपनी होती. १९३८ साली बार्नी रूस नावाचे इंजिनिअर तिथं आले. कंपनीकडे चार सिलिंडरचं ४८ अश्वशक्तीचं जुनं इंजिन होतं. नवं बनवायला पैसे नव्हते. (इथं मला हा गृहस्थ आपला वाटू लागला.) रूसनी आकार न वाढवता तेच इंजिन सुधारत सुधारत ६० अश्वशक्तीवर नेलं. पुढं महायुद्धात जीप गाजली ती या इंजिनावर.

त्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. आत जाणारी हवा चाळीतल्या जिन्यासारखी वळसे घेत जायची. मग सुधारणा झाली: खालचा भाग साधारण तोच ठेवला, पण हवा आत घेणारी झडप वर, हेडमध्ये नेली आणि मोठी केली. आकार १३४ घनइंचच, पण ताकद सत्तरीपार! फक्त इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ च्या जीपचं बॉनेट उंच करावं लागलं. तीच ही जीप. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे महिंद्र कंपनी ती नंतरही कित्येक वर्षं बनवत राहिली. म्हणजे धरण पुरं झालं त्याच वर्षी तिकडे ही निवृत्त झाली होती.

आता चाळीस साइज. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहून जरा कमी. त्यात भर पडणार इंचाच्या चाळीस हजारांशांची. वर्तुळाचं सूत्र मुलीला विचारलं आणि आकडेमोड केली. १३४ चे होतात साधारण साडेएकशेसदतीस. वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास. सोनेतारणाचं व्याज याच्या तिपटीहून जास्त! बी.कॉम. झाल्याचं सार्थक वाटलं ते आयुष्यात त्या एका क्षणी.

रविवारी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझा कागद पाहिला, बिडी विझवली.

"साहेब, बोअर ताकदीसाठी नसतोच. सिलिंडर घासलंय, दाब गळतोय. गेलेली ताकद परत येईल. वरची पाहिजे असंल तर हेड थोडं प्लेन करू, झडपा नीट बसवू, कार्बोरेटर साफ करू. गाडीला श्वास घेऊ द्या की!"

हे बार्नी रूसच बोलत होते, फक्त बिडी ओढत.

काम झालं. मी स्वतः पाकिटावर सील मारून पाटल्या तिजोरीत ठेवल्या होत्या, त्यामुळे पहिल्या खेपेला धरणावर मीही हजर. खोकी चढवली. मेव्हण्यानं पुढचा गिअर टाकून चारी चाकं लावली. जीप निम्म्या चढावर थबकली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी जलाशयाकडे. मग ती घुरघुरली आणि वर गेली.

पेट्रोल किती प्यायली हे मेव्हण्यानं मला आजतागायत सांगितलेलं नाही. पाटल्या तेराव्या महिन्यात सुटल्या. वहिनींनी त्या काउंटरवरच हातात घातल्या, आणि बाहेर जीप उभी असताना एस.टी. स्टँडकडे चालत निघाल्या.