कितागावा, जॉनी

(२३ ऑक्टोबर १९३१ – ९ जुलै २०१९). जपानमधील मुलांच्या गायन-नृत्य पथकांचा सर्वांत प्रभावी निर्माता आणि टोक्योतील ‘जॉनीज अँड असोसिएट्स’ या संस्थेचा संस्थापक. पूर्ण नाव जॉन हिरोमु कितागावा. जवळजवळ साठ वर्षे जपानच्या लोकप्रिय संगीतावर आणि दूरचित्रवाणीवर त्याची हुकमत होती. संस्थेत उमेदवारी करणाऱ्या अल्पवयीन मुलांवर त्याने अनेक दशके लैंगिक अत्याचार केले, हे संस्थेने त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, सप्टेंबर २०२३मध्ये मान्य केले. त्याच्यावर फौजदारी खटला कधीच चालला नाही. त्याचे आयुष्य मानमरातबात संपले. पतन झाले ते त्याच्या नावाचे आणि त्या नावावर उभ्या असलेल्या व्यवसायाचे.

त्याचा जन्म अमेरिकेत लॉस अँजेलिसला झाला. वडील तेथील शिंगोन पंथाच्या बौद्ध मंदिरात पुरोहित होते. बालपणीचा काळ जपानमध्ये गेला, महायुद्धानंतर तो पुन्हा अमेरिकेत गेला आणि १९५०च्या दशकात नोकरीनिमित्त टोक्योला परतला. आज जेथे योयोगी उद्यान आहे, तेथे त्या काळी अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती. तिच्या मैदानावर तो परिसरातील मुलांना बेसबॉल शिकवीत असे. पावसामुळे खेळ बंद पडला म्हणून त्याने चार मुलांना ‘वेस्ट साइड स्टोरी’ हा संगीतपट दाखवायला नेले आणि त्यातून गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांचे पथक काढण्याची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. १९६२मध्ये संस्था स्थापन झाली. पहिल्या पथकाचे नावही ‘जॉनीज’ असेच होते. व्यवहार, करार आणि वृत्तपत्रांशी संबंध हे सारे थोरली बहीण मेरी यासुको फुजिशिमा पाहत असे.

पुढच्या पन्नास वर्षांत ‘फोर लीव्ह्ज’, ‘शोनेनताई’, चाकांच्या बुटांवर नाचणारे ‘हिकारु गेंजी’, ‘स्मॅप’, ‘टोकियो’, ‘अराशी’ अशी पथके एकामागून एक निघाली. त्यांतले तरुण केवळ गायक नव्हते. मालिकांचे नायक, खाद्यकार्यक्रमांचे सूत्रधार, बातमीपत्रांतील भाष्यकार, विमान कंपन्यांपासून बिअरपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातींतले चेहरे तेच. संध्याकाळी दूरदर्शन संच लावला आणि जॉनीजचा माणूस दिसला नाही, असे जपानी घरात क्वचितच घडे. गिनीज बुकात त्याच्या नावावर विक्रम नोंदले गेले. २०२३मध्ये ते गिनीजच्या संकेतस्थळावरून काढण्यात आले. स्वतः मात्र तो कॅमेऱ्यापासून दूर राही आणि मुलाखती सहसा देत नसे.

या व्यवसायाचा पाया ‘ज्युनिअर’ म्हणवल्या जाणाऱ्या उमेदवारांच्या व्यवस्थेत होता, आणि अत्याचारांचे मूळही तेथेच शोधावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे अर्ज बहुधा घरचेच पाठवीत. निवड झाली की नाचाची तालीम सुरू होई, मोठ्या कलावंतांच्या मागे उभे राहायला मिळे. बहुतेकांशी लेखी करार नसे. कोणाला पुढच्या रांगेत आणायचे, कोणाला पथकात घालून पदार्पण करू द्यायचे, हा निर्णय कितागावा एकटा घेई. त्याची निवड अचूक ठरे, हेही खरे. पण त्याच गुणामुळे त्याच्या शब्दाला आव्हान उरले नाही. लांबून आलेली मुले संस्थेच्या निवासात किंवा थेट त्याच्या घरी मुक्काम करीत. अत्याचार रात्री तेथे, तसेच दौऱ्यांवरच्या हॉटेलांत होत. नकार दिला तर संधी जाते, हे मोठी मुले लहानांना सांगत. एकाच खोलीत झोपलेल्या इतरांना काय घडते आहे ते कळत असे, असे अनेक पीडितांनी पुढे सांगितले.

हे गुपित होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९६०च्या दशकातच एका प्रशिक्षण संस्थेशी झालेल्या न्यायालयीन वादात या तक्रारी निघाल्या होत्या. ‘फोर लीव्ह्ज’चा सदस्य किता कोजी याने १९८८मध्ये पुस्तक लिहून आपला अनुभव उघड केला. त्यानंतर इतरांचीही पुस्तके आली. ती खपली, पण रंगेल गप्पांच्या खात्यात जमा झाली. ऑक्टोबर १९९९मध्ये ‘शूकान बुन्शुन’ या साप्ताहिकाने मुलांच्या साक्षींवर आधारलेली लेखमालिका सुरू केली. २०००मध्ये जपानी संसदेच्या समितीत प्रश्न विचारला गेला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही दखल घेतली. टोक्योतील मोठी दैनिके आणि वाहिन्या गप्प राहिल्या.

संस्थेने साप्ताहिकाच्या प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. टोक्यो जिल्हा न्यायालयाने मार्च २००२मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल देऊन ८८ लाख येन भरपाई ठरवली. अपिलात चित्र पालटले. मुले खोटे बोलत आहेत असे तुम्ही म्हणता का, या प्रश्नावर कितागावाने साक्षीत ठाम होकार दिला नव्हता. जुलै २००३मध्ये टोक्यो उच्च न्यायालयाने मुलांचे कथन विश्वासार्ह मानले, लैंगिक छळासंबंधीच्या मजकुराचा महत्त्वाचा भाग सत्य असल्याचे म्हटले आणि इतर मुद्द्यांपुरती भरपाई १२ लाख येनांवर आणली. फेब्रुवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे अपील फेटाळले. देशातील वरिष्ठ न्यायालयाने एका माणसाविषयी असा निष्कर्ष काढल्यावर त्याच्याकडे मुले सोपवणे थांबायला हवे होते. पण निकालाच्या बातम्या चार ओळींत आटोपल्या, पोलीस हलले नाहीत आणि ज्युनिअरांची भरती चालू राहिली. पुढे २०२३मध्ये अहवाल देणाऱ्या चौकशी समितीच्या मते अत्याचार २०१०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले, म्हणजे निकालानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ.

या मौनाची कारणे लाजिरवाणी असली तरी गूढ नाहीत. ‘स्मॅप’ किंवा ‘अराशी’शिवाय वाहिन्यांचे वेळापत्रक उभे राहत नव्हते. एका विभागाने वाईट बातमी दिली, तर दुसऱ्या विभागाच्या मालिकेतला नायक जाईल, ही भीती संपादकांना होती. वृत्तसमूहांची मासिके आणि दिनदर्शिका याच चेहऱ्यांवर खपत. धाक नुसता कल्पनेतला नव्हता: ‘स्मॅप’ विसर्जित झाल्यावर संस्था सोडून गेलेल्या तिघांना कार्यक्रम मिळू नयेत म्हणून वाहिन्यांवर दबाव आणल्याच्या संशयावरून जपानच्या स्पर्धा आयोगाने २०१९मध्ये संस्थेला समज दिली. कायदाही तोकडा होता. २०१७पर्यंत जपानी दंडसंहितेत बलात्काराचा बळी स्त्रीच असू शकत होती आणि संमतीचे वय २०२३पर्यंत केवळ १३ होते. पुरुषाने मुलावर केलेला अत्याचार समाजाला नीट दिसतच नव्हता. दिसला तरी तो थट्टेचा विषय होई.

कितागावा २०१९मध्ये ८७व्या वर्षी मरण पावला. टोक्यो डोममधील स्मृतिसभेत पंतप्रधान शिंझो आबे यांचा शोकसंदेश वाचला गेला. वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत २००३च्या निकालाचा उल्लेख सापडणे कठीण होते.

कोंडी बाहेरून फुटली. मार्च २०२३मध्ये बीबीसीने पत्रकार मोबीन अझहर यांचा माहितीपट प्रसारित केला. त्यात जपानी वाचकाला अपरिचित असे फार थोडे होते. पण ते परदेशी वाहिनीने म्हटल्यावर स्थानिक माध्यमांना टाळणे अवघड गेले. १२ एप्रिलला माजी ज्युनिअर कौआन ओकामोतो यांनी टोक्योतील परदेशी वार्ताहरांच्या क्लबात, चेहरा न झाकता, आपली हकीकत सांगितली. सार्वजनिक वाहिनी एनएचकेने ती बातमी दिली आणि मग एकेक जण पुढे आला. मे महिन्यात संस्थेच्या अध्यक्ष, मेरी यांची कन्या जूली केइको फुजिशिमा, यांनी चित्रफितीतून माफी मागितली. मात्र आपल्याला काही माहीत नव्हते, असा त्यांचा पवित्रा होता. उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग व मानवाधिकार कार्यगटाने जपानला भेट दिली.

माजी महाअभियोक्ता माकोतो हायाशी यांच्या चौकशी समितीने २९ ऑगस्टला अहवाल दिला. पीडितांची संख्या किमान काही शेकडा असावी, असे साक्षींतून दिसते, हे त्याने नोंदवले. कितागावाची विकृती, मेरी यांनी केलेली झाकपाक, घराण्याच्या हाती एकवटलेला कारभार आणि प्रसारमाध्यमांचे मौन, अशी कारणे त्यात स्पष्टपणे मांडली होती. ७ सप्टेंबरला जूली यांनी अत्याचार मान्य करून अध्यक्षपद सोडले. त्यांच्या जागी ‘शोनेनताई’चा नोरियुकी हिगाशियामा आला. जपान एअरलाइन्स, आसाही, सन्टोरी अशा कंपन्यांनी जाहिरातींतून अंग काढून घेतले. वीस वर्षांपूर्वीच्या निकालाने जे साधले नाही ते जाहिरातदारांच्या माघारीने काही दिवसांत साधले. ऑक्टोबरच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारू न द्यायच्या पत्रकारांची यादी तयार होती, हे उघड झाल्याने उरलीसुरली पतही गेली.

१७ ऑक्टोबर २०२३ला संस्थेचे नाव ‘स्माइल-अप’ झाले. यापुढे तिने फक्त भरपाई द्यायची आणि ते संपले की बंद व्हायचे, असे ठरले. कलावंतांचा कारभार ‘स्टार्टो एंटरटेनमेंट’ या नव्या कंपनीकडे गेला. संस्थापकाची खूण असलेली पथकांची नावेही बदलली: ‘जॉनीज वेस्ट’चे ‘वेस्ट’ झाले, ‘कानजानी एट’चे ‘सुपर एट’. एनएचकेच्या वर्षअखेरच्या ‘कोहाकु’ या गायनमैफलीत २०२३ साली, ४४ वर्षांत प्रथमच, या घराण्याचा एकही गायक नव्हता.

भरपाईसाठी सुमारे हजार जणांनी अर्ज केले. २०२५च्या सुरुवातीपर्यंत पाचशेहून अधिक जणांना ती मिळाली. दावे माजी न्यायाधीशांच्या समितीने तपासले. पुढे आलेल्यांना पैशांसाठी खोटे बोलता, अशा शिव्या समाजमाध्यमांवर खाव्या लागल्या, आणि अशा निंदेचा मारा सोसणाऱ्या पीडित-संघटनेच्या एका सदस्याने २०२३च्या ऑक्टोबरात जीवन संपवले. आरोपी हयात नसल्याने जपानमध्ये फौजदारी मार्ग बंद आहे. डिसेंबर २०२४मध्ये दोन माजी ज्युनिअरांनी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, लास व्हेगसच्या दौऱ्यांवर झालेल्या अत्याचारांबद्दल, दिवाणी दावा दाखल केला.