गालाच्या पेशी आणि तीस वर्षांचा उशीर

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजे आमवाताची शंका आली की डॉक्टर ‘आरए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ अशा दोन तपासण्या लिहून देतात. पहिली जुनी, दुसरी या शतकातली, असंच सगळे धरून चालतात. पण दुसरीत सापडणारी प्रतिपिंडं १९६४ सालीच दिसली होती. पुढची तीस वर्षं ती अडगळीत राहिली, कारण ती शोधणं लॅबला परवडणारं नव्हतं. या इतिहासात सोय जिंकली आणि अचूकपणा मागे पडला, असं माझं ठाम मत आहे.

नॉर्वेच्या एरिक वालर यांनी मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाची प्रतिपिंडं चढवली होती. आमवाताच्या रुग्णाचं रक्तजल त्यांत मिसळताच पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. हे १९४० साली छापून आलं, त्याच वर्षी नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला, आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी रोझ यांनी तेच पुन्हा शोधलं. १९५६ मध्ये मेंढीच्या पेशींची जागा लेटेक्सच्या कणांनी घेतली आणि तपासणी लहानसहान लॅबच्याही आवाक्यात आली. मात्र हा फॅक्टर क्षयरोगात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतो. १९६४ मध्ये नेदरलँड्सच्या नीनहाउस आणि मांडेमा यांना जे दिसलं ते आमवाताशी कितीतरी घट्ट बांधलेलं होतं. निरोगी माणसाच्या गालाच्या आतून खरवडून काढलेल्या पेशींवर रुग्णाचं रक्तजल घातलं की केंद्रकाभोवतीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली उजळून निघत. अडचण एवढीच की असे कण असलेल्या पेशी मोजक्याच लोकांच्या गालात मिळत, आणि पेशी देणारा असा माणूस प्रत्येक लॅबने आणायचा कुठून?

यावर कोणी म्हणेल की रसायनशास्त्रच तेव्हा तयार नव्हतं, त्यात सोयीचा काय दोष? हे निम्मं खरं आहे. अँटी-सीसीपीसारखी कृत्रिम पेप्टाइडवरची (प्रथिनाच्या तुकड्यावरची) तपासणी १९६४ मध्ये शक्य नव्हती. पण केसांच्या मुळांतल्या प्रथिनात सिट्रुलिन हे अमिनो आम्ल (‘सीसीपी’ या नावातला एक ‘सी’) असतं, हे १९५८ मध्येच छापून आलं होतं. या प्रतिपिंडांचा रोख नेमका सिट्रुलिनवर असतो, हे मात्र १९९८ मध्ये नाइमेखनच्या संशोधकांनी दाखवलं. त्वचेचा अभ्यास करणारे आणि सांध्यांचा अभ्यास करणारे एकमेकांचं वाचत नव्हते, हे मला जास्त खटकतं. या उशिराची किंमत २००३ मध्ये कळली. उत्तर स्वीडनमध्ये साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांत सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी हीच प्रतिपिंडं सापडली. आरए फॅक्टर निरुपयोगी होता, असं मी म्हणत नाही. शरीर स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, हे त्यानेच शिकवलं. पण २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन्हींना सारखेच गुण आहेत, आणि त्यामागे पुराव्याइतकाच लेटेक्सच्या जुन्या सवयीचा वाटा आहे, असं मला वाटतं.