हापसा कुणी दुरुस्त करायचा?



तुमच्या गावात आता नळ आले असतील. तरी शाळेपाशी, देवळामागे किंवा वस्तीच्या टोकाला एखादा हापसा उभा असेलच. कुठे चालू, तर कुठे दांडा गेलेला. आज त्या हापशाचा इतिहास सांगायचा आहे. हा इतिहास आपल्या जालना-सोलापुरातून जातो, हे फार जणींना ठाऊक नसतं.

हापसा नव्हता तेव्हा पाणी कुठून यायचं? आडातून, बारवेतून, ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून. बारवेला पायऱ्या असत. घागर भरायची तर पाण्यात पाय बुडायचेच. त्यातूनच नारू पसरायचा. ज्याच्या पायातून नारूचा जंत बाहेर येतोय, त्याने पाण्यात पाय घातला की जंताची पिल्लं पाण्यात सुटत. डोळ्यांना सहज न दिसणारे पाण्यातले किडे ती खात. ते पाणी कुणी न गाळता प्यालं, की वर्षभराने त्याच्याही पायातून हातभर लांब जंत निघे. तो काडीवर गुंडाळत, दिवसाला थोडा थोडा ओढायचा. ना लस, ना औषध. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे.

आणि हे पाणी तरी सगळ्यांना कुठे मिळत होतं? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतरही कितीतरी गावांत दलित बायका विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळत. कुणी वरून पाणी ओतलं तर घागर भरायची. पुढे वस्तीतच बोअर पडून हापसा बसला, तेव्हा अशा बायकांना पहिल्यांदा कुणाची वाट न बघता पाणी घेता आलं.

बोअरची यंत्रं आली ती दुष्काळामुळे. १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर युनिसेफ या संस्थेने कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणायला सुरुवात केली. १९७२ चा आपला दुष्काळ तर अजून घराघरात सांगितला जातो. बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या आणि विहिरींनी तळ गाठला होता. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. हाताने खणून खोल जाणं अवघड. हवेच्या दाबावर चालणारं यंत्र मात्र एखाद्या दिवसात खोल बोअर पाडू लागलं.

पाणी लागलं, पण ते वर काढायचं कशाने? तेव्हाचे पंप ओतीव लोखंडाचे होते. परदेशात एका घराने दिवसातून चार-दोनदा वापरायचे, त्या पंपांची ती नक्कल. आपल्या गावात त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग. सांधे झिजत, दांडे मोडत. १९७० च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा चारातले जवळजवळ तीन पंप बंद निघाले. सरकारचा पैसा जमिनीत गेला होता आणि बायका पुन्हा बारवेवर.

यावर उपाय आधीच आपल्याकडे शोधला जात होता. जालन्यात एका मिशनच्या पाणी-कामात पंपाचे अनेक सांधे काढून एकच मजबूत सांधा ठेवला गेला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. ओतीव लोखंडाऐवजी पोलाद आलं आणि दांड्याला साखळी जोडली. साखळीमुळे सळई सरळ वर ओढली जाते, घासत नाही. सोलापूरच्या याच पंपावरून सरकार, युनिसेफ आणि मद्रासच्या अभियंत्यांनी मिळून नवा पंप घडवला. तमिळनाडूत कोइमतूरच्या भागात त्याची चाचणी झाली आणि १९७० चं दशक संपता संपता तो कारखान्यात बनू लागला. त्याचं नाव इंडिया मार्क-दोन. आपण ज्याला हापसा म्हणतो तो बहुतेक वेळा हाच. त्याचे हक्क कुणी स्वतःपुरते ठेवले नाहीत, म्हणून तो गावोगाव पोचला. आफ्रिकेतल्या युगांडात त्याच घडणीच्या पंपाला यू-दोन म्हणतात.

या पंपाबरोबर सिमेंटचा ओटाही आला. बूड ओट्यात घट्ट बसवलं, सांडपाण्याला नाली काढली, म्हणजे घाण पाणी परत बोअरमध्ये झिरपत नाही. ओटा फुटला, भोवती चिखल झाला, गुरं तिथेच बसली, तर खोल बोअरचं पाणीही बिघडतं.

नारूविरुद्धची देशव्यापी मोहीम १९८३-८४ मध्ये सुरू झाली. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते. हापसे बसले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, आणि घराघरात बायकांनी पाणी कपड्याने गाळलं. जुलै १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. एक रोग देशातून गेला, आणि त्यात पाणी गाळणाऱ्या हातांचा मोठा वाटा होता.

आता अवघड भाग. मार्क-दोन क्वचित बिघडे, पण बिघडला की गावाच्या हातात काही नसे. खाली सिलिंडरमधला चामड्याचा वायसर झिजला, की सगळे पाइप वर काढावे लागत. त्याला अवजड हत्यारं, चार-पाच माणसं आणि बहुधा तालुक्याची गाडी लागे. वायसर छोटा, पण गाडी येईपर्यंत पाणी बंद.

म्हणून १९८० च्या दशकात मार्क-तीन तयार झाला. त्याचा पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो. पाइपाचा खर्च वाढला, पण दुरुस्ती गावात होऊ शकेल अशी झाली. मग प्रश्न उरला, ती करायची कुणी?

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून गावातल्या बायका हातपंप दुरुस्तीला शिकल्या. त्यांत बऱ्याच दलित, आदिवासी होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाना हातात घेऊन त्या पंप उघडू लागल्या. केलेल्या कामाची नोंद ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सांगितलं, आम्हाला अक्षरं शिकवा. पंप बंद पडला की पायपीट कुणाला, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्याची काळजीही त्यांनाच जास्त होती.

मैत्रिणींनो, २०१९ पासून जल जीवन मिशनमधून घरोघरी नळ देण्याचं काम चालू आहे. त्याच्या नियमांत गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात. पाण्याची तपासणी करायला गावातल्या किमान पाच महिलांना शिकवायचं, असंही त्यात आहे. ही नावं कागदावरच आहेत की त्या बाया खरंच पाणी तपासतात, हे ग्रामसभेत विचारा. मोटार जळाली तर पैसे कुठून येणार? व्हॉल्व्हची चावी कुणाकडे? शौचालयाचा खड्डा पाण्याच्या जागेपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला आहे ना? नळाचं सांडपाणी शोषखड्ड्यात जातं की रस्त्यावर? हेही विचारा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठरवा. गावातला बंद हापसा नेमका कशामुळे बंद आहे, ते जाऊन बघा आणि पंचायतीला लेखी कळवा. नळाची लाइन फुटेल त्या दिवशी तोच उपयोगी पडेल.