फाँतेनब्लोचे अरण्य आणि छायाचित्रातील त्याग

छायाचित्रणाची कला इ. स. १८३९ मध्ये पॅरिस येथे जगापुढे मांडली गेली, तेव्हा तिच्या वाट्याला प्रथम आल्या त्या इमारती, पुतळे व माणसांचे चेहरे. या वस्तूंना स्वतःची ठाशीव आकृती असते. अरण्याचे तसे नसते. तेथे खोडांमागे खोडे, फांद्यांवर फांद्या व पानांत पाने गुंतलेली असतात. आरंभ कोठे करावा व थांबावे कोठे, हे डोळ्याला उमगत नाही. या गुंतागुंतीतून चित्र कसे निवडून काढावे, हा प्रश्न ज्या थोड्या ठिकाणी आरंभीच कसून हाताळला गेला, त्यांत फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या अरण्याचे स्थान मोठे आहे.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरवर हे अरण्य पसरले आहे. राजेलोकांच्या मृगयेसाठी ते शतकानुशतके राखलेले होते. जुने ओक, भव्य बीच आणि मधूनमधून वालुकाश्माच्या प्रचंड राशी, असे त्याचे रूप. अरण्याच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ या खेड्यात तेओदोर रूसो, मिले, कोरो आदी चित्रकारांचा राबता होता. १८४९ मध्ये पॅरिसहून तेथवर आगगाडी सुरू झाली, आणि त्याच सुमारास ग्युस्ताव्ह ल ग्रे हा तरुण छायाचित्रकार आपला कॅमेरा घेऊन या झाडांत शिरला. १८२० मध्ये जन्मलेल्या ल ग्रेचे शिक्षण पॉल देलारोश या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली झाले होते. त्यामुळे त्याची नजर चित्रकाराची होती.

साधने मात्र मोठी हट्टी होती. त्या काळचे रौप्यक्षार निळ्या प्रकाशाने चटकन काळवंडत, पण हिरव्या रंगाची त्यांना फारशी जाणीव नसे. परिणामी आकाश पांढरेफटक उतरे व दाट पालवीचा काळा गोळा होई. शिवाय अरण्याच्या सावलीत भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की पानांचा नुसता धूसर फराटा उरे.

ल ग्रेने १८५१ च्या सुमारास मेण पाजलेल्या कागदावर निगेटिव्ह घेण्याची रीत प्रसिद्ध केली. असा कागद कित्येक दिवस अगोदर तयार करून ठेवता येई, आणि अरण्यात रसायनांचा संसार वाहून न्यावा लागत नसे. कागदाच्या तंतूंमुळे बारीकसारीक तपशील काचेवरच्याइतका स्पष्ट उमटत नसे. परंतु छाया व प्रकाश यांचे मोठे विभाग मात्र भरदार येत. अनेकांना जे वैगुण्य वाटे, त्यात ल ग्रेला तत्त्व दिसले. काही तपशिलांचा त्याग केल्यावाचून छायाचित्राला सौंदर्य लाभत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याच्या चित्रांकडे पाहिले म्हणजे या त्यागाचा अर्थ कळतो. त्याने एका बीच वृक्षाचे चित्र घेतले. संपूर्ण झाड चौकटीत कोंबण्याचा हव्यास त्यात नाही. जाडजूड बुंधा व त्यावर गाळून पडलेले ऊन एवढेच मुख्य, आणि भोवतालचे सर्व त्याच्या सेवेला. शायीच्या फरसबंद रस्त्याच्या चित्रात रस्ताच पाहणाऱ्याला हाताला धरून आत नेतो. दोन्हीकडची झाडे त्याला साथ करतात. एक नायक ठरवावा, त्याच्या मागे शक्यतो उजेड ठेवावा, पांढऱ्या आकाशाला फारशी जागा देऊ नये आणि डोळ्याला आत शिरण्यास वाट द्यावी, हे अरण्यरचनेचे धडे असे एकेका झाडापाशी गिरवले गेले.

त्यानंतर एजेन क्युव्हेलिए आला. १८५९ मध्ये त्याने बार्बिझाँच्या खानावळवाल्याच्या, गान याच्या, कन्येशी विवाह केला आणि तो या चित्रकारमंडळीतलाच झाला. काचेचे निगेटिव्ह सर्वत्र रूढ झाल्यावरही त्याने पुष्कळसे काम कागदावर केले. पानगळीनंतरची झाडे व हिवाळ्यातील गोठलेले रान त्याने आवडीने टिपले. पाने गळाली की फांद्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो, आणि हिरव्या रंगाची अडचणही राहत नाही.

या निवडक नजरेवर तेव्हा अरण्याचे भवितव्यही अवलंबून होते. सरकारी वनखाते जुने वृक्ष तोडून पाइनची लागवड करीत होते. फरसबंदीच्या दगडांसाठी खाणी चालू होत्या. रूसोने १८४७ मध्येच वृक्षतोडीचे एक चित्र रंगवून त्याला 'निरपराधांची कत्तल' अशा अर्थाचे नाव दिले होते. १८५२ मध्ये त्याने शासनाकडे दाद मागितली. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जागा तोडीतून वगळण्यात आली, आणि १८६१ च्या फर्मानाने कलावंतांसाठी राखलेले क्षेत्र १,०९७ हेक्टर झाले. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी निघाले. मात्र येथे एक मर्मही ध्यानात घेतले पाहिजे. वाचले ते प्रामुख्याने देखणे ओक आणि खडक. सुमारे १७,००० हेक्टरांच्या अरण्यात जे चित्रात शोभण्याजोगे नव्हते, त्याच्यासाठी अशी दाद क्वचितच मागितली गेली. चौकटीबाहेर काय राहते, ही गोष्ट केवळ चित्रापुरती नसते.

पुढे १८७३ मध्ये जर्मनीत फोगेल याने रंगद्रव्ये मिसळून छायाचित्राच्या काचेला हिरव्याचीही जाणीव देता येते असे दाखविले. आज तर पाने हलण्यापूर्वीच चित्र पुरे होते. ल ग्रेला जे त्याग साधनांनी करावयास लावले, ते आता कोणतेही यंत्र करावयास लावीत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे आहेत. आणि म्हणूनच अरण्याचे चांगले छायाचित्र काढणे आज अधिक सोपे झाले आहे, असे म्हणवत नाही.