एलेन हचिन्स : एका विस्मृत अभ्यासिकेचा शोध

जिने स्वतःच्या नावावर एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही, तिचे चरित्र इतिहासाने कोठे शोधावे? सागरी वनस्पतिशास्त्राच्या आरंभकाळातील आयरिश अभ्यासिका एलेन हचिन्स हिच्याविषयी हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

एलेनचा जन्म १७८५ साली कॉर्क परगण्यात, बँट्रीच्या उपसागराकाठी बॅलिलिकी येथे झाला. डब्लिनला शिकत असता तिची प्रकृती ढासळली. डॉ. व्हिटली स्टोक्स यांनी तिच्यावर उपचार केले आणि वनस्पतींच्या अभ्यासाची गोडी लावली. पुढे आजारी आई आणि अपंग भाऊ यांच्या शुश्रूषेसाठी ती घरी परतली. या शुश्रूषेतून उरलेल्या वेळात तिने किनाऱ्यावरची शैवाले गोळा केली, वाळवली आणि रंगीत चित्रांत उतरवली.

१८०७ पासून यार्मथचे सावकार व शैवालतज्ज्ञ डॉसन टर्नर यांच्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो सात वर्षे चालला. पण दोघांची भेट कधीच झाली नाही. टर्नर यांच्या विनंतीवरून तिने आपल्या परिसरातील हजाराहून अधिक वनस्पतींची यादी तयार केली. १८१५ च्या फेब्रुवारीत, वयाची तिशीही पुरी होण्यापूर्वी, ती निवर्तली.

मग तिच्या चरित्राची साधने कोणती? टर्नरांसारख्यांच्या ग्रंथांतील तिच्या नावाचे उल्लेख, संग्रहालयांतील नमुने, क्यू येथील चित्रे आणि ही पत्रे. तिची पत्रे केंब्रिजला राहिली, टर्नरांची क्यूला. निवडक पत्रे एकत्र छापली गेली ती १९९९ साली! ग्रंथात शोधाचे फळ तेवढे दिसते. त्यामागचे कष्ट, आजारपण आणि उमेद पत्रांतच सापडतात.

आगार्ड या स्वीडिश पंडिताने एका शैवालप्रजातीस तिचे नाव दिले होते. शास्त्रीय नामकरणाच्या ओघात ते मागे पडले. काही जातींच्या नावांत मात्र ती आजही आहे. बँट्रीच्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर साधी खूणही नव्हती. स्मृतिफलक लागला तो २०१५ साली, मृत्यूनंतर दोनशे वर्षांनी.

यातून आपण एवढे ध्यानी घ्यावे की, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरील नावांनाच जो इतिहास मानतो, तो अर्ध्या कर्तृत्वाला मुकतो. जुन्या पेट्यांतील पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा वाचून पाहणे, हे आपणा सर्वांचेच कर्तव्य आहे.